२०० टेराबाइटचं 'असत्य'

बारावीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : सत्यता कोष्टकाच्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'असत्य' आलं, की 'व्याघात' लिहून मार्क घ्यायचे. पण जे विधान कधीच खरं होऊ शकत नाही, त्याचा उपयोग काय?

२०१६मध्ये गाजलेली २०० टेराबाइटची गणिती सिद्धता नेमकं हेच दाखवते, की एक विधान व्याघात आहे!

१, २, ३... अशा संख्या लाल किंवा निळ्या रंगवायच्या. अट एकच : ३-४-५, ५-१२-१३ अशा पायथागोरसच्या त्रिकुटातल्या तिन्ही संख्या एकाच रंगाच्या नकोत. असं रंगवणं अखंड चालेल, की कुठे तरी अडेल? गणितज्ञ रॉन ग्रॅहम यांनी यावर १०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. मराइन हॉइला, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी प्रत्येक संख्येचं एक विधान केलं : '३ लाल आहे', '४ लाल आहे'. एका त्रिकुटातली तिन्ही विधानं एकदम सत्य नकोत, एकदम असत्यही नकोत. या साऱ्या अटी 'आणि'ने जोडल्या. ७८२४पर्यंत हे लांबलचक विधान सत्य करता येतं. ७८२५ला व्याघात, म्हणजे रंगवणं तिथे अडतं!

याचं सत्यता कोष्टक मांडू नका. ओळींची नुसती संख्या लिहायलाच २३५६ अंक लागतील. बातम्यांनी सगळं श्रेय महासंगणकाला दिलं, पण कोष्टक भरणं त्याच्याही आवाक्याबाहेरचं. खरी करामत जुनी आहे. १९६०च्या सुमारास मार्टिन डेव्हिस आणि तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी कोष्टक टाळायची वाट शोधली. १९६२मध्ये डेव्हिस, लोगमन आणि लव्हलंड यांनी तिला रूप दिलं : एक गोष्ट गृहीत धरा, पुढे जा, विसंगती आली की मागे फिरा. १९९६मध्ये मार्केस-सिल्व्हा आणि साकल्ला यांनी त्यात भर घातली. सुडोकूत अडलं की कच्चा खेळाडू शेवटचा आकडा खोडतो. मुरलेला मात्र कोणते दोन अंदाज एकत्र नांदत नाहीत हे हेरतो आणि ती चूक पुन्हा करत नाही. त्यांच्या प्रोग्रॅमने प्रत्येक विसंगतीतून असाच एक नवा नियम शिकायला सुरुवात केली.

म्हणून ८०० प्रोसेसरांना दोन दिवस पुरले. ती सिद्धता माणसाने वाचणं अशक्य; ती दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तपासून घेतली आहे. ग्रॅहम यांनी बक्षीस हॉइला यांना दिलं. माझ्या हिशेबाने त्यातले निदान ५० डॉलर डेव्हिस-पटनमपासून साकल्लापर्यंतच्या मंडळींचे होते.