आखात म्हणजे सगळं मुस्लिम जग नव्हे

हर्णैच्या लिलावाला उभे राहा, नाहीतर आंजर्ल्यात एसटीची वाट बघत बसा, हे वाक्य कानावर येणारच: "मुसलमान जास्त झाले की लोकशाही संपलीच म्हणून समजा." वर पुरावाही हजर. गावातला अमुक सौदीला, तमुक दुबईला. तिथे कुणी सरकार निवडतं का?

अहो, हा पुरावा आखाताचा झाला! खाडीपट्ट्यातली माणसं पोटासाठी जिथे गेली तिथे राजे आणि शेख होते, एवढंच त्यातून कळतं.

इंडोनेशिया घ्या. वस्ती सुमारे 28 कोटी, त्यात मुसलमान 87 टक्के. 'मुसलमानांनी शरियत पाळलीच पाहिजे' हा शब्दप्रयोग घटनेच्या मसुद्यात होता. स्वातंत्र्य जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 18 ऑगस्ट 1945 ला, तो गाळला गेला. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बेटांची नाराजी ओळखून स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हट्टा यांनी मुस्लिम पुढाऱ्यांना राजी केलं होतं. 2002 मध्ये तो परत आणायचा प्रयत्न फसला. नको म्हणणाऱ्यांत नहदतुल उलेमा आणि मुहम्मदिया होत्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या धार्मिक संघटना. 14 फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीत मतदारयादीत वीस कोटींवर नावं होती. तिथे मतपत्रिकेला खिळ्याने भोक पाडायचं आणि शाईत बोट बुडवून घरी जायचं.

सगळं गोड नाही. जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर अहोक यांना 2017 मध्ये धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची कैद झाली. लोकशाही बुडालीही होती. पण 1959 मध्ये ती गुंडाळली राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी, आणि पुढे 1998 पर्यंत मानेवर बसले ते जनरल सुहार्तो. दोघांतला मौलवी कोण? ट्युनिशियात तर 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद बंद केली, तेव्हा फाटकाबाहेर अडवले गेलेले सभापती घन्नुशी हे इस्लामवादी पक्षाचे नेते होते.

सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि पहिली वीस वर्षं राष्ट्राध्यक्ष कॅथलिक सेंगोर. 2024 मध्ये सत्ताधाऱ्यांनी निवडणूक लांबवली, घटना परिषदेने ते रद्द ठरवलं, आणि मतदानाच्या दहाएक दिवस आधी तुरुंगातून सुटलेला विरोधक जिंकला.

'सेक्युलर राजवट म्हणजे लोकशाही'? सद्दाम आणि असद सेक्युलरच म्हणवायचे. 'बाईला पुढे येऊ देत नाहीत'? पाकिस्तानात बेनझीर, बांगलादेशात खालिदा झिया, इंडोनेशियात मेगावती सत्तेवर आल्याच.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंना या वादात साक्षीला ओढणं आता पुरे. धर्मांधतेवर त्यांनी कोरडे ओढले, खरंच. पण 'हे लोक बदलायचेच नाहीत' असं मानणारा माणूस 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ कशाला काढील? त्याआधी, 18 एप्रिल 1966 ला, त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला होता. तोंडी तलाक बंद करा ही मागणी त्या सातजणी घेऊन गेल्या त्या काझीकडे नव्हे, मतांवर निवडून आलेल्या सरकारकडे.