गिटारला कॉम्प्रेसर घ्यावा का?

कॉम्प्रेसर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंक्चरवाल्याचे दुकान उभे राहते, नाहीतर विहिरीचा खडक फोडायला आलेला, धापा टाकणारा ट्रॅक्टर. आज ज्या कॉम्प्रेसरविषयी बोलायचे आहे तो हवा दाबत नाही, आवाज दाबतो. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी अशी ती धातूची डबी असते. गिटारवाला ती पायाशी ठेवतो, गिटारची वायर तिच्यातून नेऊन पुढे अँप्लिफायरला जोडतो आणि पायाने दाबून ती चालू-बंद करतो. म्हणून तिला पेडल म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, हा विषय आमच्या कामाचा कसा? तर गिटार आता शहरातच राहिलेले नाही. यात्रेतल्या ऑर्केस्ट्रात ते आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात आहे, लग्नाच्या मांडवात आहे. कारखान्याच्या ऊसबिलातून वडिलांनी काढून दिलेले पैसे घेऊन एखादा मुलगा शिक्षकांकडे येतो आणि विचारतो, "सर, कॉम्प्रेसर घेऊ का? सगळे म्हणतात, आवाज भारी येतो." सरांना पेटी आणि तबला ठाऊक असतो, ही डबी त्यांनाही नवी. आणि पैसे काही थोडे नाहीत. साधे पेडल काही हजारांत मिळते, नावाजलेल्या कंपनीचे दहा हजारांच्या घरात जाते. तेव्हा "घे" किंवा "नको" म्हणण्याआधी ते करते काय हे समजून घेऊ.

गिटारची अडचण अशी की त्याचे हलके आणि जोराचे स्वर यांत अंतर फार. बोटाने एक तार छेडली तर मांडवात शेवटच्या रांगेला ऐकू जात नाही, आणि सहाही तारांवरून झपाटा मारला की पहिल्या रांगेतली म्हातारी कानावर हात ठेवते. हीच अडचण रेडिओला पहिल्यापासून आहे. मध्यम लहरींवरच्या प्रक्षेपणात आवाज ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो फाटतो, आणि फार खाली गेला की खरखरीत बुडतो. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्या काळच्या कोणत्याही केंद्रात काचेपलीकडे बसलेला माणूस एक डोळा गाणाऱ्यावर आणि एक डोळा आवाज मोजणाऱ्या काट्यावर ठेवून असे. गवयाने तान घेतली की खटका हळूच खाली, गवई मंद्रात उतरला की हळूच वर. तो माणूस म्हणजेच कॉम्प्रेसर. त्याला गाणे कळत असे, एवढाच फरक. आणि हा फरक लहान नव्हे. याच कामाला विजेची यंत्रेही होती आणि १९७० च्या दशकात ती गिटारवाल्याच्या पायाशी येण्याइतकी लहान झाली.

यंत्राची रीत आपल्या कृष्णाकाठच्या भाषेत सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आहे आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या घरात गेले, तेव्हापासून पातळी म्हणजे काय हे सांगलीकराला शिकवावे लागत नाही. पेडलातही अशीच एक पातळी ठरवलेली असते. आवाज तिच्या खाली असेतो पेडल त्याला हात लावत नाही. तो वर चढला की जेवढा चढला त्याचा काही हिस्साच पुढे सोडते. चारास एक असे प्रमाण असेल, तर पातळीच्या वर १२ डेसिबल गेलेला स्वर ३ डेसिबलच वर जातो. ९ डेसिबल कापले गेले. साधारण १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते, यावरून कापणीचा अंदाज येईल. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे, मुलांना आवडते.

एवढ्याने काम संपत नाही. माथी कापली म्हणजे एकंदर आवाज बारीक झाला. म्हणून पेडल मग सगळाच आवाज वर उचलते. त्यामुळे मोठे स्वर होते तेवढेच राहतात आणि हलके स्वर वर येतात. छेडलेली तार विझत जाते, तिचा शेवटचा भागही हलकाच, म्हणून तोही वर येतो आणि स्वर लांबल्यासारखा वाटतो. गिटारवाले याच लांबणीवर भाळतात. (कोयनेच्या धरणाशी तुलना करायचा मोह होतो, पण धरण पाणी साठवते. पेडल काही साठवत नाही, फक्त कापते आणि उचलते.)

उचलताना ते निवड करीत नाही, आणि खरी मेख इथे आहे. ९ डेसिबलने स्वर उचलला तशी वायरीतली घूंऽऽ ही ९ डेसिबलने उचलली. शहरातल्या बंद स्टुडिओत ती घूं नसतेच. आपल्याकडे मांडवात अर्थिंग नीट नाही, शेजारी जनरेटर, वर दिव्यांच्या माळा, आणि लाऊडस्पीकरची वायर विजेच्या वायरीला गुंडाळलेली. वाजवणारा थांबला की पेडलाला वाटते आवाज कमी झाला, ते पुन्हा पूर्ण उचलते, आणि शांततेत घूं वर येते. लाऊडस्पीकर गिटारच्या तोंडासमोर असेल तर पाठोपाठ शिट्टीही.

तेव्हा विकत घेण्याआधी पहायचे ते हे, की आवाज कमीजास्त होतो तो कशामुळे. पुष्कळदा दोष तारेचा असतो. महिनोन्‌महिने न बदललेल्या, घामाने गंजलेल्या तारा स्वर धरीत नाहीत. विजेच्या गिटारमध्ये तारांखाली पिकअप असतो. त्याच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवून तो तारांजवळ किंवा दूर नेता येतो. जाड तारा गरजत असतील आणि बारीक दबत असतील तर त्या बाजूचा स्क्रू थोडा फिरवा. खर्च काही नाही. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असे माझे मत आहे.

स्वर लांबवण्याची विद्या आपल्या भागाला परकी नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा मुलांना घेऊन जा. तिथली सतार आणि तंबोऱ्याची कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी उभी केलेली; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसून जवारी काढतो. तार घोडीच्या माथ्यावर केसभर लांबीत चाटून जाते, आणि जो स्वर क्षणात विझला असता तो झंकारत राहतो. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा किंचित सरकवला की तीच जवारी खुलते किंवा मिटते. म्हणजे आस आधी वाद्यात शोधायची. गिटारची घोडी, तिच्यावरच्या खाचा आणि मानेचा बाक एखाद्या जाणत्या कारागिराकडून एकदा पाहून घेतला तर बरेच साधते.

दुसरा दोष हाताचा. मुलगा वर्षभर शिकला आणि त्याचा प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा पडतो, तर पेडल त्याचा दोष झाकेल. झाकलेला दोष हातात मात्र राहतोच, उलट तो आता त्याला ऐकूही येणार नाही. शिकणाऱ्याला मी हे पेडल देणार नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून "सर, बघा किती सारखे वाजते" असे तो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. पुष्कळ मोबाइल स्वतःच आवाज दाबून आणि उचलून घेतात.

मग हे घ्यावे कुणी? ज्याचा हात बसला आहे, वाद्य नीट आहे, आणि ज्याला ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन गायकांच्या गर्दीत स्वच्छ, न फाटलेला स्वर पुढे आणायचा आहे, त्याने जरूर घ्यावे. तारेवर लोखंडी कांडी सरकवून हवाईयन गिटारवर भावगीते वाजवणाऱ्यालाही त्याचा फार उपयोग. तिथे गाण्याची ओळ लांबल्या स्वरावरच उभी असते. उलट जो सारा वेळ आवाज फाडणारे डिस्टॉर्शनचे पेडल लावून वाजवतो त्याला याची फारशी गरज नाही, कारण त्या फाडण्यातच माथी कापली जातात. दोन्ही असतील तर आधी कॉम्प्रेसर, मग डिस्टॉर्शन. उलटे जोडले तर फाटलेल्या आवाजाची खरखर तेवढी उचलली जाईल.

पेडलावरच्या बटणांना भिऊ नये. डायना कॉम्प नावाच्या जुन्या प्रसिद्ध पेडलावर दोनच आहेत: एक किती दाबायचे, दुसरे किती उचलायचे. काहींवर आणखी एक असते, स्वर उमटल्यावर किती लवकर पकडायचा हे ठरवणारे. लगेच पकडला तर पिकाचा "टण्‌" मरतो आणि वाद्य गोधडीखालून वाजल्यासारखे होते. किंचित उशिरा पकडला तर टण्‌ सुटतो आणि मागचा स्वर दाबला जातो. फार दाबले तर आवाज पेटीच्या भात्यासारखा श्वास घेऊ लागतो. तसे झाले की बटण मागे आणावे.

दुकानात परीक्षा घ्यायची ती अशी. स्वतःचे गिटार घेऊन जा. पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखाच मोठा येईल असे उचलण्याचे बटण लावा. हे विसरू नका, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि दुकानदार ते बटण पुढेच ठेवतो! मग पाठ फिरवून वाजवा आणि बरोबरच्या मित्राला, न सांगता, पायाने चालू-बंद करू द्या. कधी चालू होते हे तुम्हाला ओळखता आले नाही, किंवा ओळखून बंद असतानाचेच बरे वाटले, तर पैसे खिशात ठेवून नव्या तारांचा जोड घ्या. ओळखता आले आणि हवेसे वाटले, तर मालकाशी बोलून एका कार्यक्रमापुरते मागून पहा, कारण दुकानात घूं ऐकू येत नाही. वीज ९ व्होल्टची लागते. पिनीचे धन-ऋण पेडलावर काढलेले असते, ते पाहून अडॅप्टर घ्या. मांडवात बॅटरीवरच चालवलेले बरे, आणि कार्यक्रम संपला की वायर काढून ठेवावी. ती आत राहिली तर बऱ्याच पेडलांची बॅटरी सकाळपर्यंत उतरते.