बार्बाडोसला निघालात? मिलिटरी प्रिंट घरीच ठेवा!

२९ जून २०२४. टी-२० वर्ल्ड कपची फायनल, ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल. बाउंडरीवर सूर्यकुमार यादवचा तो कॅच आणि मॅचनंतर पिचवरची माती चाखणारा आपला कॅप्टन रोहित शर्मा! तेच हे बार्बाडोस. टीव्हीवर पाहून झालं, आता बॅग भरा. पण महिना बघून हं! जून ते नोव्हेंबर इथे चक्रीवादळांचा सीझन. वर्ल्ड कप जिंकलेली आपली टीमसुद्धा ‘बेरिल’ वादळामुळे इथेच अडकून पडली होती.

बॅगेत कॅमोफ्लाज टी-शर्ट टाकलाय? काढा बाहेर! माहीत आहे का, इथे लष्करी प्रिंटचे कपडे घालायला सामान्य माणसाला कायद्यानं बंदी आहे. लहान मुलांनाही सूट नाही.

बीचवर छोटं, हिरवं, सफरचंदासारखं गोंडस फळ दिसलं? खबरदार, हात लावायचा नाही! हे मँचिनील, गिनीज बुकातलं जगातलं सर्वांत धोकादायक झाड. फळ विषारी, चीक अंगाला लागला की फोड. कहर म्हणजे पावसात त्याच्याखाली उभं राहिलात, तर पानांवरून ठिबकणारं पाणीही कातडी भाजतं! म्हणूनच अनेक बुंध्यांवर लाल पट्टा रंगवलेला असतो. लाल पट्टा दिसला की भिजलात तरी चालेल, पण आडोसा दुसरीकडे शोधा.

पोहायचंय? पश्चिम किनारा गाठा, तिथला समुद्र शांत. पूर्वेला बाथशीबाजवळ अटलांटिक अक्षरशः उसळतो. ते सर्फर्सचं राज्य, आपण फोटो काढावेत!

शॉपिंग करताना आधी विचारा, “कुठला डॉलर?” १ अमेरिकन डॉलर म्हणजे २ बार्बाडोस डॉलर, हा दर १९७५पासून पक्का. दुकानात दोन्ही चालतात, त्यामुळे गफलत झाली की खिसा दुप्पट हलका.

पाण्याच्या बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. बेट प्रवाळी चुनखडीचं, पाऊस त्यातून गाळून खाली उतरतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या!

फिरायला ‘झेडआर’ व्हॅन पकडा. नंबर प्लेटवर झेडआर, आत दणदणीत म्युझिक. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

शुक्रवारची रात्र ऑइस्टिन्सच्या फिश फ्रायसाठी राखून ठेवा. आणि राष्ट्रीय डिश? कू-कू आणि फ्लाइंग फिश. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि चक्क भेंडी! ज्यांना चालते त्यांनी रममध्ये रमावं. माउंट गे डिस्टिलरीचा इतिहास १७०३पासूनचा आहे.

माहीत आहे का, ग्रेपफ्रूटचा जन्मही इथलाच? पपनस आणि संत्रं यांची ही जोडी इथे जमली. आणि जॉर्ज वॉशिंग्टननी आयुष्यात एकच परदेशवारी केली, १७५१ साली, तीही बार्बाडोसचीच! ते राहिले ते घर आजही बघता येतं.

हो, तिकीट काढण्याआधी रूट नीट बघा. अमेरिकेमार्गे जाणार असाल, तर नुसतं विमान बदलायलाही आपल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो!