दुसऱ्याच्या सर्व्हरवर

मे २००३मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती, ०.७, आली तेव्हा त्यात प्लगइन ही सोयच नव्हती. मिशेल वाल्द्रिगी यांचं ‘बी२’ हे ब्लॉग चालवण्याचं सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम थंडावलं, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड वर्डप्रेस म्हणून पुढे नेला. ब्लॉगवर काही नवं हवं असेल, तर कुणीतरी कृती लिहून ठेवलेली असायची: अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, तिच्याखाली हे डकवा. त्याला ‘हॅक’ म्हणत. नवी आवृत्ती चढवली की सगळं डकवलेलं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

मे २००४च्या १.२ आवृत्तीने हे बदललं. पान तयार करताना वर्डप्रेस ठरावीक जागी थांबू लागलं आणि इथे कुणाला काही करायचं आहे का, असं विचारू लागलं. या जागा म्हणजे हुक. ॲक्शन असेल तर तिथे आपलं काम करून घ्यायचं. फिल्टर असेल तर हाती आलेला मजकूर बदलून परत द्यायचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. त्याच महिन्यात मूव्हेबल टाइप या दुसऱ्या ब्लॉग सॉफ्टवेअरने ३.० आवृत्तीसाठी परवान्याच्या अटी आवळल्या आणि कितीतरी ब्लॉगलेखक तिथून निघून वर्डप्रेसकडे वळले. पण ही माणसं टिकली ती हुकमुळे, असं माझं ठाम मत आहे. फुकट सॉफ्टवेअर तेव्हाही पुष्कळ होतं.

माझ्यासारख्या अनेकांनी प्रोग्रॅमिंगचं खरं शिक्षण इथेच घेतलं. वर्डप्रेस जीपीएल या खुल्या परवान्याखाली असल्याने कुणाचंही प्लगइन उघडून वाचता येई. वाचताना लक्षात येई, की प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी लेखकाने स्वतःची दोन-चार अक्षरं जोडली आहेत. ते कशासाठी, हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा माणूस प्लगइन लिहिणारा होतो. आपला कोड ज्या सर्व्हरवर चालणार, तिथे आणखी वीस प्लगइन असतील आणि त्यांतल्या एकाने आपल्याच फंक्शनचं नाव वापरलं असेल, तर संपूर्ण संकेतस्थळाच्या जागी कोरं पांढरं पान येई. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलं आहे तिच्या ५.३ आवृत्तीत, म्हणजे २००९ साली, यावर नेमस्पेस हा नीट उपाय आला. पण वर्डप्रेस मे २०१९पर्यंत पीएचपी ५.२वरही चालत होतं. स्वस्त होस्टिंगवरच्या जुन्या सर्व्हरलाही सोबत न्यायचं, तर ती दोन-चार अक्षरं जोडत राहणं भाग होतं.

आपला कोड अनोळखी परिस्थितीत चालतो, हे मराठीने आम्हाला आणखी कडक रीतीने शिकवलं. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच चिन्हं, कारण मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. आणि पीएचपीचं स्ट्रलेन सांगतं पंधरा, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. इंग्रजीत हे तिन्ही आकडे एकच येतात, म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला त्यांच्यातला फरक वर्षानुवर्षं दिसतच नाही. लेखाचा सारांश दाखवणारं एखादं सुंदर प्लगइन मराठी ब्लॉगवर लावलं की शेवटचं अक्षर मधोमध कापलं जाई आणि तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटे.

पत्त्याचंही तसंच. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता बनवतं आणि त्याला २०० जागांची मर्यादा घालतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ जागा खातं, म्हणजे फार तर बावीस चिन्हं मावतात. ‘पावसाळ्यातील सह्याद्रीची भटकंती’ हे शीर्षक ‘पावसाळ्यातील-सह्याद्रीच’ इथे संपतं; शेवटच्या च ची मात्राही जाते. त्यात डेटाबेसची भानगड होती. जुन्या ब्लॉगांचा यूटीएफ-८ मजकूर अनेकदा लॅटिन-१ म्हणून नोंदलेल्या तक्त्यांत साठवलेला असे. २००७च्या २.२ आवृत्तीत अक्षरसंच सांगणारी ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये आली आणि ती जुन्या ब्लॉगवर न तपासता भरली, तर लेखांच्या जागी अगम्य चिन्हांच्या रांगा दिसत. लोकांनी मन लावून लिहिलेलं असतं ते. त्यांच्या डेटाबेसला हात लावण्याआधी पूर्ण बॅकअप घेणं ही माझ्या लेखी या धंद्यातली पहिली सभ्यता आहे.

डिसेंबर २००८च्या २.७ आवृत्तीपासून डॅशबोर्डमधूनच प्लगइन शोधून बसवता येऊ लागलं. वापरणाऱ्यांची सोय झाली आणि आपला कोड कुणाकुणाच्या घरात आहे, हे लेखकाला कळेनासं झालं. ऑगस्ट २०११मध्ये याचा अर्थ सगळ्यांना समजला. टिमथंब नावाची चित्रं लहान करणारी एक छोटी पीएचपी फाइल कितीतरी थीम आणि प्लगइनमध्ये जशीच्या तशी घातलेली होती. बाहेरच्या मोजक्याच संकेतस्थळांवरून चित्र घ्यायची तिला मुभा होती. पण तपासणी एवढीच, की परवानगी असलेलं नाव पत्त्यात कुठेतरी आलं आहे का. मग हल्लेखोर आपल्या डोमेनच्या आधी ते नाव जोडून चित्राच्या नावाखाली स्वतःचा कोड सर्व्हरवर उतरवू लागले. मूळ फाइल दुरुस्त झाली, पण तिच्या नकला कुठे कुठे पडल्या आहेत, याची यादी कुणाजवळच नव्हती. बाहेरून आलेलं काहीही तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही आणि शुद्ध केल्याशिवाय पानावर छापायचं नाही, हा नियम पूर्वीही होता. त्यानंतर आमच्यातले बरेचजण तो खरोखर पाळू लागले.

डिसेंबर २०१८मध्ये ५.० आवृत्तीबरोबर गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर आला आणि पीएचपीत मुरलेल्यांना जावास्क्रिप्ट आणि रिॲक्ट शिकायला बसावं लागलं. त्यावर फार वाद झाले. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: जुना एडिटर क्लासिक एडिटर या प्लगइनच्या रूपात उपलब्ध राहिला, त्यामुळे ज्यांना थांबायचं होतं त्यांना थांबता आलं.

असं मागे राहिलेल्यांना सांभाळून घेणं मराठीसाठी आजही लागतं. लेखाचं पहिलं अक्षर मोठं दाखवण्याचं साधं काम घ्या. ‘क्षितिज’चा नुसता क उचलला, तर पान विद्रूप दिसतं. म्हणून हलन्त दिसला की पुढचं व्यंजनही सोबत घ्यायचं, ही तजवीज मराठीसाठी लिहिणाऱ्याला आपल्या कोडमध्ये स्वतःच करावी लागे. सप्टेंबर २०२३मध्ये युनिकोड १५.१ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी हा नियम प्रमाणकात घेतला. प्रमाणकात आला म्हणजे सर्व्हरवर पोचला असं नाही. कितीतरी होस्टिंगवर जुन्या लायब्ररी आहेत आणि काही ठिकाणी युनिकोडचे नियम वापरू देणारं पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शनच बसवलेलं नाही. त्यामुळे आधी सर्व्हर काय देतो ते विचारायचं आणि नसेल तर आपला नियम लावायचा, हा कोड माझ्या प्लगइनमध्ये अजून आहे.