पहिल्या तासातले आकडे

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊनंतर कुलाब्यातल्या लिओपोल्ड कॅफेत गोळीबार झाला. बातमीदारांच्या तोंडी पहिल्यांदा आले ते गँगवॉर. त्यांना हसण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत गोळी सुटली की ती कुठल्या टोळीची, एवढेच विचारायचे असे. क्राइम बीटवरची एक अख्खी पिढी त्यातच तयार झाली होती.

थोड्याच वेळात सीएसटी, ओबेरॉय, ताज, नरिमन हाउस अशी नावे येऊ लागली आणि गँगवॉर मागे पडले. मग हल्लेखोर किती, यावर अंदाज सुरू झाले. वीस, पंचवीस. प्रत्यक्षात ते दहा होते, दोघादोघांच्या पाच जोड्या. पण त्यांच्यातले कसाब आणि त्याचा साथीदार सीएसटीवरून कामा रुग्णालयाकडे गेले, तिथून पोलिसांचीच गाडी घेऊन मेट्रो सिनेमापाशी गोळ्या झाडत निघाले, पुढे दुसरी गाडी पळवून गिरगाव चौपाटीवर अडले. ठिकाणे चार, पाहणारे वेगवेगळे. फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबी ती नवी जोडी. त्यात दोन टॅक्स्यांमध्ये ठेवून दिलेले टायमर बॉम्ब माझगाव आणि विलेपार्ल्यात फुटले. पार्ल्यात एकही हल्लेखोर गेला नव्हता, तरी तिथेही हल्ला झालाच म्हणायचा!

मृतांच्या बाबतीतही तेच. आकडा १९५ पर्यंत चढला आणि मग उतरला, कारण काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते. आज १६६ हा आकडा सांगितला जातो. २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याचे वाहिन्यांनी सांगितले. ती निव्वळ अफवा निघाली.

किल्लारीच्या भूकंपात तर मोजणारेच नव्हते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. ज्या तलाठ्याने, पोलीस पाटलाने नावे सांगायची, त्यांच्याही घरांवर तीच पाळी. मृतदेहांवर सामूहिक अंत्यसंस्कार उरकावे लागत होते. अशा वेळी पडलेल्या घरांकडे बघून आकडे काढले गेले, आणि बातम्यांत दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत काहीही येत राहिले. सरकारी नोंद अखेर ७,९२८ वर थांबली. हा आकडाही काही लहान नव्हे, पण तीस हजार ऐकलेल्यांना तो सरकारने दडवलेला वाटला. पहिला आकडा डोक्यात बसला की नंतरच्या खऱ्या आकड्यालाच पुरावा मागितला जातो.

त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र चूक घाईतून झाली नव्हती. १२ मार्चला मुंबईत शेअर बाजारापासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे गेली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली जेमतेम शमल्या होत्या आणि स्फोट झाले ते प्रामुख्याने हिंदू वस्तीत. मुख्यमंत्री शरद पवारांनी दूरदर्शनवर ठिकाणे सांगताना मुस्लिमबहुल मशीद बंदरचे नाव वाढवले. तिथे काहीच घडले नव्हते. रोख श्रीलंकेतल्या तमिळ वाघांकडे वळेल असेही ते बोलले. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण हे जाणूनबुजून केले, असे त्यांनी नंतर चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगापुढे सांगितले. त्या संध्याकाळी बातमीदाराने मशीद बंदरला जाऊन खातरजमा केली असती, तर ती बातमी छापायची की नाही, हा पेच संपादकापुढे पडला असता.