फिल्म, डिजिटल कॅमेरा आणि क्षेत्रकार्याची नोंद

वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्याच्या प्रांगणातील मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या काळचा लेख आहे. अशा झिजलेल्या अक्षरांवर समोरून प्रकाश पडला असता ती दिसेनाशी होतात. प्रकाश तिरपा असेल तरच खाचांत सावली धरते. प्रस्तुत लेखक गारखेड्याहून छायाचित्रणासाठी वेरूळला जाई तेव्हा ही सावली साधली की नाही, हे रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. आणि छत्तीस चित्रे पुरी झाल्यावाचून रोल काढणे परवडत नसे. चुकले तर पुन्हा तीस किलोमीटरची वाट. २००६ साली डिजिटल कॅमेरा हाती आला आणि ही अनिश्चितता संपली.

या स्थित्यंतराचा तांत्रिक भाग थोडक्यात सांगता येईल. फिल्मवरील रौप्यलवणाचे कण प्रकाशाने पालटतात व त्यांची संवेदनक्षमता कारखान्यातच ठरते. १०० चा रोल घालून अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत शिरलेल्या मनुष्यास, फ्लॅशला तेथे बंदी असल्याने, दीर्घ प्रकाशनावाचून गत्यंतर नसे. (बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये तेथील चित्रे याच मार्गाने, मंद प्रकाशात टिपली.) डिजिटल कॅमेऱ्यात ही क्षमता प्रत्येक चित्रागणिक बदलता येते. मात्र निगेटिव्ह अधिक प्रकाश पुष्कळ सोसते, तर सेन्सरचा बिंदू एकदा भरला की त्यापुढील तपशील कायमचा जातो. कैलास लेण्यात भर दुपारी याचा प्रत्यय येतो: ऊन पडलेला दगड निव्वळ पांढरा होऊन बसतो. म्हणून पूर्वी सावलीकडे पाहून मोजमाप करणाऱ्या हाताला आता उन्हाकडे पाहण्याची सवय लावावी लागली.

परंतु आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो तो भाग निराळाच आहे. वेरूळहून परतताना रोलमध्ये बहुधा दोनतीन चित्रे उरत. ती वाया घालवणे जिवावर येई आणि रोल तर दुसऱ्या दिवशी दुकानात द्यावयाचा असे. मग घराच्या गच्चीवरून गारखेड्याची गल्ली, समोरची मोकळी जागा, पलीकडचा कडुनिंब, असे काहीबाही टिपून रोल संपवावा लागे. त्यात हेतू असा काहीच नव्हता. तथापि दहाबारा वर्षांच्या त्या पट्ट्या अलीकडे क्रमाने मांडून पाहिल्या, तेव्हा मोकळ्या जागेत पाया खणला जाणे, भिंती चढणे आणि शेवटी कडुनिंब नाहीसा होणे हा सारा क्रम त्यांत सापडला. दंतिदुर्गाच्या लेखाची चित्रे पुढे कितीदा तरी नव्याने घेता आली. तो कडुनिंब मात्र आता कोणास टिपता येणार नाही.

२००६ नंतरच्या संग्रहात असे काही नाही. चित्रांची संख्या शेकडो पटींनी वाढली, परंतु संपवावयाचा रोलच न उरल्यामुळे उरलेली चित्रेही उरली नाहीत. शिवाय फसलेले चित्र आपण जागच्या जागी पुसतो. निगेटिव्हच्या पट्टीवर मात्र ते कडेच्या अनुक्रमांकासह राहते, आणि आधी काय टिपले, नंतर काय, याची साक्ष देते. डिजिटल चित्रासोबत दिनांक व वेळ आपोआप नोंदली जाते हे खरे. पण आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी काही महिने काढून ठेवली होती, घड्याळ मागे गेले, आणि एका संपूर्ण फेरीच्या चित्रांवर भलतेच वर्ष उमटले. टिपणवही जवळ होती म्हणून ती चूक ध्यानात आली. वही बाळगण्याची ती सवय फिल्मच्या काळातलीच.

सध्या क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही इतकेच सांगतो: घड्याळ तपासावे, घरी परतेपर्यंत एकही चित्र पुसू नये, आणि परतल्यावर दोनचार चित्रे आपल्या गल्लीची घ्यावीत. तिसऱ्या सूचनेवर ते हसतात.