दुसरे नागरिकत्व : प्रवासासाठी एवढे मोल?

महाड-पोलादपूरच्या व्यापारी कुटुंबांना परदेशगमन आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. व्हिसाची दगदग मात्र तशीच आहे. त्यावर उपाय म्हणून कॅरिबियन बेटांचे नागरिकत्व विकत घ्यावे, असे दलाल सुचवतात. सेंट किट्सने ही योजना 1984 मध्ये आणली. डॉमिनिकासाठी आज किमान 2 लाख डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक, मोजावे लागतात. दीड कोटीच धरले, तरी सात टक्क्यांनी वार्षिक व्याज साडेदहा लाख होते. शेंगेन व्हिसाचे शुल्क 90 युरो. व्याजात किती व्हिसा येतील, हे गल्ल्यावर बसणारा कोणीही सांगेल. शिवाय या पासपोर्टवरही अमेरिकेचा व्हिसा चुकत नाही.

खरा खर्च वेगळाच आहे. 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. पोर्तुगालचा पासपोर्ट घेणाऱ्या गोमंतकीयांनाही हाच नियम लागू आहे, आणि त्यांचा तर तो वारसाहक्क. पुढे ओसीआय कार्ड मिळाले, तरी मतदान नाही. सावित्रीकाठची वडिलार्जित शेती वारशाने येईल. बांधालगतचा तुकडा विकत घेता येणार नाही.

विकत घेतलेली सवलत टिकेलच असेही नाही. वानुआतूच्या नागरिकांची युरोपातील व्हिसामुक्ती डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाली. एप्रिल 2025 मध्ये माल्टाची योजनाच युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरवली.

ज्याचा कारभारच परदेशात स्थिरावला, त्याचा हिशेब निराळा. तो तेथे राहून रीतसर नागरिक होतो, त्याला दलाल लागत नाही.